कळंब तालुक्यातील मोटार वाहतूक आणि वाहनचालक शिक्षणाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावांचे पुनर्वसन झाले, जागतिक बँकेचे साहाय्य आले आणि देशातील आपत्ती व्यवस्थापनाच्या विचाराला त्या घटनेने गती दिली. मराठवाड्याच्या स्मृतीत ती पहाट आजही कायम आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात ३३,३८३ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १५,२२४ व्यक्तींचा मृत्यू झाला. म्हणजे किल्लारीच्या बळींपेक्षा मोठी संख्या राज्यातील रस्त्यांवर एका वर्षात नोंदली गेली. भूकंपातील मृत्यू एका रात्रीचे, एका परिसराचे होते. रस्त्यावरील मृत्यू मात्र एकेकटे, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या दिवशी येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींत त्यांची नोंद होते आणि इतिहासलेखनात तर तीही होत नाही.

प्रस्तुत निबंधात धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंब तालुक्याच्या संदर्भात मोटार वाहतुकीच्या वाटचालीचा आणि त्या वाटचालीत वाहन चालविण्याच्या शिक्षणाला मिळालेल्या स्थानाचा विचार केला आहे. या भागातील बोलीत 'गाडी शिकणे' आणि 'लायसन काढणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. सातबारा काढतात, कर्ज काढतात, तसे लायसनही 'काढतात'. गाडी मात्र शिकतात ती कोणाकडून तरी, कुठे तरी, बहुधा परवान्याच्या आधीच. शिक्षण व परवाना यांची ही फारकत लोकांच्या बेशिस्तीतून निर्माण झाली असे सर्रास मानले जाते. इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते. या फारकतीला वाहतुकीच्या बदलत्या स्वरूपाने आणि कायद्यानेही हातभार लावलेला दिसतो.

रेल्वेपासून दूर राहिलेले गाव :

मांजरा नदीच्या काठी वसलेले कळंब हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक तालुक्याचे ठिकाण. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. या मार्गावर 'कळंब रोड' नावाचे स्थानक आहे. रेल्वेच्या परिभाषेत नावापुढे 'रोड' असणे म्हणजे ते गाव स्थानकापासून दूर असून तेथून रस्त्याने जावे लागते, अशी कबुलीच असते. कळंबच्या वाट्याला रेल्वे आली ती अशी नावापुरती. परिणामी येथील धान्य, जनावरांचा बाजार, यात्रेकरू आणि सरकारी कागद या सर्वांचा प्रवास पिढ्यान् पिढ्या रस्त्यानेच झाला. प्रथम बैलगाडीने, नंतर मोटारीने. रेल्वेचा पर्याय नसलेल्या गावात रस्त्याला जे महत्त्व येते ते कळंबला आले आणि रस्त्याचे धोकेही त्याच प्रमाणात आले.

हैदराबाद संस्थानात सार्वजनिक मोटार वाहतुकीचा प्रारंभ शासनानेच केला. निजाम स्टेट रेल्वेचाच एक विभाग म्हणून जून १९३२ मध्ये रस्ते वाहतूक विभाग स्थापन झाला. त्या वेळी त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. ब्रिटिश हिंदुस्थानात बहुतांश ठिकाणी बस वाहतूक खासगी मालकांच्या हाती असताना एका संस्थानाने ती रेल्वे खात्याच्या अखत्यारीत चालवावी ही गोष्ट लक्षणीय आहे. रेल्वेत इंजिनचालक होण्यासाठी कोळसा टाकण्यापासून सुरुवात करून वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. त्याच खात्यातील बसचालकाकडेही शिस्त, गणवेश, वेळापत्रक व जबाबदारी असलेला नोकर याच दृष्टीने पाहिले जाणे साहजिक होते. या विभागाचे जाळे संस्थानाच्या मराठी भाषक जिल्ह्यांत पसरत गेले आणि पुढे तेच मराठवाड्यातील राज्य परिवहनाचा पाया ठरले.

दरम्यान मुंबई प्रांतात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही पहिली एस. टी. बस धावली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे महाराष्ट्राच्या वाहतूक इतिहासात नोंदली गेली आहेत. त्या दिवशी कळंब अजून निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामावली गेली.

उस्ताद आणि किन्नर :

या काळातील वाहनचालक शिक्षणाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला एस. टी.चा. निवड, वाहन चाचणी, बिल्ला, प्रशिक्षण, आगारातील वरिष्ठ चालकांची देखरेख आणि अपघात घडल्यास विभागीय चौकशी अशी साखळी महामंडळाने उभी केली. पुण्याजवळ भोसरी येथे महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. त्याच परिसरात १९६७ मध्ये केंद्रीय मार्ग परिवहन संस्था स्थापन झाली. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाचा जाहीर सत्कार करण्याची महामंडळाची प्रथा वरवर साधी वाटते. परंतु अपघात न घडणे हेही एक कर्तृत्व आहे, अशी नोंद घेणाऱ्या संस्था आपल्याकडे फार थोड्या आहेत.

दुसरा प्रवाह मालमोटारींचा. ट्रकवर पोरवयात चढलेला मुलगा प्रथम 'किन्नर', म्हणजे क्लीनर होई. चाके ठोकून हवा पाहणे, काच पुसणे, उतारावर चाकाखाली दगड लावणे, मागे घेताना आवाज देणे ही कामे करीत तो वर्षे काढी. चालक हा त्याचा 'उस्ताद'. उस्तादाने रिकाम्या रस्त्यावर, रिकामी गाडी काही मैल हाती दिली की शिक्षणाचा दुसरा टप्पा सुरू होई. 'हात बसला' असे उस्तादाने म्हणेपर्यंत तो चालक नसे. या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यात मारहाण होती, बालमजुरी होती आणि व्यसनाची दीक्षाही होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. किन्नर स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी हजारो मैल रस्ता पाहत असे. घाटात कोणत्या वळणावर समोरचा दिसत नाही, पावसाळ्यात कोणत्या पुलावरून पाणी जाते, रात्री न दिसणारी बैलगाडी कशी ओळखायची, हे ज्ञान त्याला हाताआधी डोळ्यांनी मिळे.

संस्थेच्या आत असो वा उस्तादाच्या हाताखाली, १९७० पर्यंत या भागात गाडी शिकणे हे एक पेशा शिकणे होते. गाडी चालविणारे मोजके आणि ते सर्व चालक म्हणूनच ओळखले जाणारे. ही स्थिती बदलली ती दुष्काळानंतर.

दुष्काळी कामे, रस्ते आणि ट्रॅक्टर :

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी व शेतमजूर, स्त्रिया व पुरुष, दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास गेले. पाझर तलाव, नालाबांध यांबरोबर रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. ग्रामीण मराठवाड्याच्या अनेक रस्त्यांचा पाया असा उपाशी माणसांच्या हातांनी घातला गेला. ज्यांनी ते बांधले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तेव्हा सायकलही नव्हती. त्यांच्या मुलांनी त्याच रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि नातवांनी मोटारसायकल चालविली. रस्ता, यंत्र आणि वेग हे तीन टप्पे युरोपात दीड-दोन शतकांत पसरलेले होते. येथे ते दोन पिढ्यांत आटोपले.

ट्रॅक्टर हे कळंबच्या शेतकरी कुटुंबात आलेले पहिले मोटार वाहन म्हणावे लागेल. ते शिकले जाई शेतात. नांगरटीच्या वेळी काका किंवा थोरला भाऊ शेजारी बसून मुलाच्या हाती स्टिअरिंग देई. शेतात समोरून कोणी येत नाही, वेग नसतो आणि चूक झाली तर बांध फुटतो, माणूस मरत नाही. तेथे शिकलेला हात सरळ डांबरी रस्त्यावर येतो तेव्हा त्याला यंत्र येत असते, रहदारी येत नसते. कायद्याच्या दृष्टीने शेतीचा ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन आहे. त्यामुळे मालमोटारीच्या चालकाला ज्या अटी लागू झाल्या त्या त्याला लागू झाल्या नाहीत. मागे दोन ट्रॉल्या जोडलेला, टनावारी ऊस भरलेला ट्रॅक्टर मालमोटारीइतकाच अवजड असला तरी.

कायद्याने काय मागितले :

भारतात मोटारीचे नियमन विसाव्या शतकाच्या आरंभी प्रांतिक कायद्यांनी सुरू झाले. १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा झाला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्याची जागा घेतली. विलीनीकरणानंतर हीच केंद्रीय चौकट मराठवाड्यालाही लागू झाली. या कायद्यांचा भर परवान्यावर होता. शिकाऊ उमेदवाराने परीक्षा द्यावी. तो कुठे व कसा शिकला हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ब्रिटनमध्येही चालकाची सक्तीची चाचणी १ जून १९३५ पासूनच आली, तेव्हा १९३९ च्या कायद्याकडून फार अपेक्षा करणे अनैतिहासिक होईल.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने मात्र चित्र पालटायला हवे होते. त्याच्या कलम १२ ने वाहन प्रशिक्षण शाळांना (लोकांच्या भाषेत मोटार ड्रायव्हिंग स्कूलला) प्रथमच स्पष्ट कायदेशीर चौकट दिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील अभ्यासक्रम वाचला तर आश्चर्य वाटते. वाहन चालविण्याचे सिद्धांत, रहदारीचे शिक्षण, यंत्राची माहिती व दुरुस्ती, चालकाने जनतेशी कसे वागावे याविषयीचा भाग आणि प्रथमोपचार, असा तो विस्तृत आराखडा आहे. प्रशिक्षकाने किमान दहावी उत्तीर्ण असावे, त्याला पाच वर्षांचा चालविण्याचा अनुभव व मोटार यांत्रिकीचे प्रमाणपत्र असावे, मोटारीस दुहेरी नियंत्रण असावे, अशा अटी आहेत. कागदावर हा अभ्यासक्रम कोणत्याही पदविकेला शोभावा असा आहे.

उणीव अन्यत्र आहे. प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले ते परिवहन वाहनांपुरते. स्वतःची मोटारसायकल, मोटार वा ट्रॅक्टर चालविणाऱ्याला शाळेची पायरी चढण्याचे बंधन नाही. त्याने शिकाऊ परवान्यासाठी प्रश्नांची उत्तरे द्यावीत, किमान तीस दिवस थांबावे आणि चाचणी द्यावी, एवढेच कायदा मागतो. ज्या वाहनांची संख्या सर्वांत जास्त वाढणार होती नेमक्या त्यांच्याच बाबतीत शिक्षण ऐच्छिक राहिले, ही या कायद्याची मोठी उणीव मानावी लागेल. दुहेरी नियंत्रणाच्या अटीतून मोटारसायकल वगळली गेली हे यांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असले तरी अर्थपूर्ण आहे. दुचाकीवर गुरूला बसायला जागा मागे असते आणि ब्रेक शिष्याच्या हाती असतो.

शिक्षणाच्या अटींचे पुढे जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. परिवहन वाहनाच्या चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २००७ मध्ये नियमांत आली आणि २०१९ मध्ये ती रद्द झाली. रोजगाराची दारे गरीब तरुणांना बंद होऊ नयेत हे रद्द करण्यामागील कारण होते आणि ते खोटे नव्हते. कळंबसारख्या तालुक्यात शाळा अर्ध्यावर सुटलेल्या ऊसतोड मजुराच्या मुलाला स्टिअरिंग हाच वर जाण्याचा मार्ग असतो. परंतु शालेय अट काढताना तिच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षणाची बाजू तेवढीच भक्कम व्हायला हवी होती. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा व अवजड वाहनासाठी ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरला आणि तो पूर्ण करणाऱ्यास कार्यालयातील चाचणीतून सूट मिळाली. अशी केंद्रे उभारण्यास जमीन, मार्ग व यंत्रसामग्री लागते. ती मोठ्या शहरांजवळ होणे सोपे, तालुक्याच्या गावी अवघड. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारी व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकते, असा निर्णय दिला. विमा भरपाईच्या वादात अडकलेल्या असंख्य कुटुंबांना त्यामुळे दिलासा मिळाला. मात्र छोट्या मालवाहू टेम्पोच्या चालकापर्यंत प्रशिक्षण शाळा पोहोचविणारा कायद्यातील एक धागा त्याबरोबर सैल झाला.

ऊस हंगाम आणि अंधार :

कळंब तालुक्यात रांजणी येथे नॅचरल शुगर आणि चोराखळी येथे धाराशिव साखर कारखाना आहे. आसपासच्या तालुक्यांतील कारखान्यांनाही येथला ऊस जातो. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की रस्त्याचे रूप बदलते. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मालमोटारी, टायरगाड्या आणि त्यांमागून अंदाज न येणारी मोटारसायकल, असा तो चार-पाच महिन्यांचा प्रवास असतो. टायरगाडी म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. तिला दिवा नसतो, गाडीवान दिवसभर ऊस तोडून थकलेला असतो आणि बैलांना वाट पाठ असल्याने तो बऱ्याचदा उसाच्या मोळ्यांवर डोळा लावतो. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोके मागच्या दिव्यावर लोंबतात. चिखलाने रिफ्लेक्टर झाकला जातो. दर हंगामाच्या प्रारंभी परिवहन कार्यालये, पोलीस व कारखाने रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. महिनाभराने त्यातील निम्मे तरी उसाच्या घर्षणाने निघालेले दिसतात.

वाहनचालक शिक्षणाचा प्रश्न येथे वेगळ्या रीतीने उभा राहतो. दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळणारा मोटारसायकलस्वार हा बहुधा त्याच पंचक्रोशीतील असतो. त्याला ट्रॉली असते हे ठाऊक असते, त्याला कमी पडते ते एक गणित. हेडलाइटचा प्रकाश ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका दिसणे, मेंदूने तो ओळखणे आणि ब्रेक लागणे यांत दोन सेकंद गेले तरी ३४ मीटर संपतात, गाडी थांबायला लागणारे अंतर पुढेच. समोरून दुसऱ्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला तर हे सारे आणखी बिघडते. हे गणित सातवीच्या वर्गात शिकविता येण्यासारखे आहे. त्यासाठी गाडी लागत नाही, पेट्रोल लागत नाही. उस्तादाचा किन्नर हेच रात्री जागून शिकत असे. आजचा चालक ते कुठे शिकतो, हा प्रश्न आहे.

ट्रॅक्टरचा आणखी एक उपयोग होतो तो यात्रेसाठी. तालुक्यातील येरमाळा येथील येडेश्वरी देवीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो भाविक लोटतात. पूर्वी ते बैलगाड्यांनी येत, मुक्काम करीत. पुढे टेम्पो व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आख्खी भावकी बसू लागली. मालवाहू वाहनातील अशा प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ च्या अखेरीस स्पष्ट केले. ट्रॉली उलटली तर जाणाऱ्याचा जीव जातो आणि भरपाईसाठी ज्याच्याकडे बोट दाखविले जाते तो त्याच भावकीतला ट्रॅक्टरमालक असतो. त्याच्याकडे देण्यासारखे असते ती जमीन. देवीला निघताना हा हिशेब कोणी करीत नाही आणि तो कोणी समजावूनही सांगितलेला नसतो.

मोटारसायकलचे युग :

१९७० च्या दशकात लुना आली आणि पायडल मारून चालू होणाऱ्या त्या हलक्या गाडीने शिक्षक, तलाठी, दूधवाले यांना चाके दिली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी चार स्ट्रोकची, कमी पेट्रोल पिणारी हीरो होंडाही बाजारात आली. १९९० नंतर कर्जाची सोय झाली आणि एम. एच. २५ क्रमांकाच्या दुचाकी गावोगाव दिसू लागल्या. प्रवासी वाहतुकीतही काळ्या-पिवळ्या जीप, ट्रॅक्स यांनी एस. टी.चा एकछत्री अंमल मोडला. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपात तर आगार बंद राहिले. सर्वाधिक प्रशिक्षित चालकांचा वर्ग रस्त्यावरून नाहीसा झाला आणि त्यांचे प्रवासी दुचाकी व जीपवर गेले.

या स्थित्यंतराचा अर्थ असा की गाडी चालविणे हा पेशा राहिला नाही, ते घरातील प्रत्येकाचे काम झाले. दूध घालणारा चालक आहे, महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी चालक आहे, आजीला दवाखान्यात नेणारा नववीतील मुलगाही चालक आहे. कायद्याने सोळाव्या वर्षी परवानगी दिली ती ५० सी. सी.पर्यंतच्या विनागिअर दुचाकीला; तशा गाड्या बाजारातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. म्हणून सोळा ते अठरा या वयातील मुलाला कायदेशीरपणे चालविता येईल अशी पेट्रोलची गाडी त्याच्या घरी नसतेच. जी असते ती तो चालवितो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रसंगी पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. तरतूद कडक आहे, पण ज्या वस्तीवरून शाळेच्या वेळेला एस. टी. नाही तेथील बापासमोर कायदा आणि मुलीची शाळा यांपैकी एक निवडण्याचा प्रसंग येतो. एस. टी.ची वेळेवर सुटणारी एक फेरी हाही अपघात टाळण्याचाच उपाय आहे, हे वाहतूक सुरक्षेच्या चर्चेत फारसे येत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांत दुचाकीस्वार ७४,८९७, म्हणजे ४४ टक्क्यांहून अधिक होते. पादचारी ३२,८२५ होते. हेल्मेट न घालता मृत्यू पावलेल्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे होती. २०२३ मध्ये एकूण मृत्यू १ लाख ७२ हजारांवर गेले. ज्या दोन गटांसाठी शिक्षणाची कोणतीही सक्ती नाही, म्हणजे दुचाकीस्वार व पायी चालणारे, त्यांचेच मृत्यू निम्म्याहून कितीतरी अधिक आहेत.

शिक्षणाची मर्यादा :

एवढ्यावरून वाहनचालक शिक्षण सक्तीचे केले की मृत्यू थांबतील, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जगाचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील डीकॅल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस १६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना सविस्तर प्रशिक्षण, काहींना जुजबी, काहींना काहीच नाही. प्रशिक्षितांचे अपघात सुरुवातीच्या काही महिन्यांत कमी दिसले. पुढे हा फरक टिकला नाही. शाळेत गाडी शिकविल्याने मुले लवकर परवाना घेतात आणि त्यामुळे अपघातांची संधीच वाढते, असेही अन्य अभ्यासांत आढळले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. नवशिक्याला परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा. प्रथम रात्री चालविण्यावर व सोबत मित्र बसविण्यावर निर्बंध, अनुभव वाढला की मोकळीक. पुढे अनेक देशांनी हे अनुकरण केले. थोड्या वेगळ्या रूपात ही किन्नर-पद्धतच आहे. आधी पाहा, मग थोडे चालवा, मग एकटे जा.

स्वीडनने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या धोरणाने विचाराची दिशाच बदलली. माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची व वाहनाची रचना हवी, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर रस्त्याची रचना, अंमलबजावणी आणि तातडीची वैद्यकीय मदत या सर्व आघाड्यांवर एकत्रित काम झाल्यावर २०२० पर्यंत ही संख्या निम्म्याहून खाली आली. केवळ फलक लावून किंवा केवळ व्याख्याने देऊन हे घडले नाही. येरमाळ्यावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग २०१० च्या दशकात चौपदरी झाला. जुन्या एकेरी रस्त्यावर वाढलेल्या पिढीला दुभाजक म्हणजे आडवा आलेला बांध वाटतो. एक किलोमीटरचा वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर हा अशिक्षिताचा अपराध म्हणून पाहता येईल किंवा शेत एका बाजूला व गाव दुसऱ्या बाजूला ठेवणाऱ्या आराखड्याची त्रुटी म्हणूनही पाहता येईल. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. पण मृत्यूची जबाबदारी एकट्या चालकावर टाकणे प्रशासनाला नेहमीच सोयीचे राहिले आहे.

महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, शाळांतील आर. एस. पी. पथके आणि जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियान यांतून जे शिक्षण होते ते बहुतांशी शपथ, फेरी व घोषवाक्ये यांभोवती फिरते. १९८९ च्या नियमांतील अभ्यासक्रम मात्र धूळ खात पडून आहे. त्यातील रहदारीचे शिक्षण व प्रथमोपचार हे भाग वाहनाशिवाय, वर्गात, मराठीतून, नववी ते बारावीच्या मुलांना शिकविता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

त्यातही प्रथमोपचाराचा भाग कळंबसारख्या ठिकाणी अधिक निकडीचा आहे. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे; डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णाला मात्र पुढे अंबाजोगाई, लातूर वा सोलापूर गाठावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती येईपर्यंत जखमीजवळ असतो तो मागून आलेला दुसरा कोणी चालक. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने तो पूर्वी थांबत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ द्वारे त्यास कायद्याचे बळ दिले. जखमीला उचलणाऱ्याला नाव सांगण्याची, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. शिकाऊ परवान्याच्या प्रश्नसंचात चिन्हे ओळखण्यास सांगितले जाते, अपघातसमयी चालकाची कर्तव्ये विचारली जातात. मान वाकडी झालेल्या माणसाला दोघांनी ओढून जीपमध्ये घालू नये, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, हे हाताने करून दाखविण्याची वेळ मात्र त्या परीक्षेत येत नाही.